बोल्ट बसला, पण डिरेलर बसला का? जुने डिरेलर परक्या हँगरवर जमवताना

जुना डिरेलर, म्हणजे सायकलची साखळी मागच्या एका चक्रीवरून दुसरीवर नेणारा भाग, दुसऱ्याच कुठल्या फ्रेमवर बसवायला घेतला की डोळा आधी हँगरच्या, म्हणजे तो लटकतो त्या कानाच्या, छिद्राकडे जातो. बोल्ट आत जातो का, आटे धरतात का? धरले की काम झालं असं वाटतं. मग साखळी मोठ्या चक्रीवर चढवली की वरची पुली दातांवर घासायला लागते. किंवा उलटं होतं, डिरेलर इतका मागे झुकून राहतो की प्रत्येक गिअरला लिव्हर गरजेपेक्षा जास्त ओढावा लागतो. छिद्र हा या जुळणीचा निम्माच भाग आहे. उरलेला निम्मा म्हणजे हँगरच्या कडेला असलेली छोटी पायरी, जिच्यावर डिरेलरची जीभ टेकते. बहुतेक फसलेल्या जोड्यांमध्ये दोष या पायरीचा असतो, आणि मोजलं जातं फक्त छिद्र.

इथे बोलतोय ते १९५० ते १९८० च्या दशकांतल्या, हँगरला एका बोल्टाने लटकणाऱ्या डिरेलरबद्दल. त्याआधीचे, मागच्या आडव्या नळीला पट्ट्याने किंवा जोडलेल्या बुंध्याने बसणारे प्रकार हा वेगळा विषय आहे. आणि लिव्हर टिकटिक न करणारा, घर्षणावर चालणारा धरला आहे. जुन्या डिरेलरची एका गिअरसाठी लागणारी तारेची ओढ आजच्या क्लिकच्या लिव्हरशी जुळत नाही, त्यामुळे तो घोळ इथे नको.

आधी पाच मापं

कागदावर पाच गोष्टी लिहून घ्या: छिद्राचा व्यास, आटे आहेत का आणि किती बारीक, हँगरची जाडी, एक्सलच्या मध्यापासून छिद्राच्या मध्यापर्यंतचं अंतर, आणि पायरीची जागा.

व्यास मोजण्याआधी छिद्रातला रंग खरवडून काढा. जाड पावडर कोटिंग असेल तर व्हर्नियर चक्क खोटं बोलतो. माप एकमेकांशी काटकोनात दोनदा घ्या, कारण ढिल्या बोल्टावर वर्षानुवर्षं चाललेलं छिद्र अंडाकृती झालेलं असतं. मग व्यासावरून घराणं कळतं. ९.५ मिमी, आत आटे नाहीत, कडेला पायरीही नाही, तर तो सिम्प्लेक्स या फ्रेंच कंपनीचा हँगर. ११ मिमी आणि बिनआट्यांचा असेल तर ह्युरेटचा, तीही फ्रेंचच. १० मिमीचा बोल्ट आट्यांत बसत असेल आणि मागे-खाली पायरी असेल तर इटलीच्या कॅम्पाग्नोलो पद्धतीचा, जी पुढे जपान्यांनी उचलली आणि आज सगळीकडे चालते.

इथे एक फसगत ठरलेली. १० मिमी बोल्टाचं आट्यांचं छिद्र आतून मोजलं तर ९ मिमीच्या आसपास भरतं, कारण व्हर्नियरचे जबडे आट्यांच्या टोकांवर टेकतात. त्याच आट्यांना गंज लागला, टोकं झिजली, की माप ९.३ किंवा ९.४ येतं आणि हँगर सिम्प्लेक्सचा वाटतो. बॅटरी लावून आत बघा. फिरत जाणारी रेघ दिसली तर ते मेलेले आटे आहेत, कोरं छिद्र नाही. दोघांवरचे उपाय वेगवेगळे आहेत.

आट्यांचा बारकावा बोल्टावर मोजायचा. १० मिमी लांबीत दहा आटे आले तर पिच १ मिमी. कॅम्पाग्नोलोचा जुना बोल्ट इंचाला २६ आट्यांचा, म्हणजे ०.९७७ मिमी पिचचा असतो. ७ मिमी जाडीच्या हँगरमध्ये या दोघांत फरक पडतो जेमतेम ०.१६ मिमी. म्हणून एकाचा बोल्ट दुसऱ्यात जातो, फार तर शेवटच्या दोन फेऱ्या जड जातात. साधा १० मिमीचा बोल्ट मात्र १.५ मिमी पिचचा असतो. तो जबरदस्तीने फिरवला तर दोन फेऱ्यांतच हँगरचे आटे गेले म्हणून समजा. १.५ चा टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, तर या कामाच्या टेबलावरही ठेवू नये.

पायरीसाठी सायकलच्या उजव्या बाजूला उभे राहा, म्हणजे तिचं तोंड आपल्या उजव्या हाताला येईल. छिद्र म्हणजे घड्याळाचा मध्य माना. कॅम्पाग्नोलो पद्धतीत पायरी साधारण सात वाजताच्या जागी असते, मागे आणि खाली.

एक्सल ते छिद्र हे अंतर आजच्या शिमानोच्या हिशेबात २८ ते ३० मिमी धरतात. जुन्या रेसच्या फ्रेमवर ते बरंच कमी सापडतं. हँगर आखूड तितकी पुली चक्रीजवळ. कॅम्पाग्नोलोचा १९६७ चा नुओवो रेकॉर्ड साधारण २६ दातांपर्यंत चालतो असं म्हणतात, पण ते योग्य लांबीच्या हँगरवर. आखूड हँगरवर त्याच्याकडून २६ ची अपेक्षा धरू नका.

पायरी काय करते

हे नीट समजलं की पुढचं सगळं काम सोपं होतं, म्हणून जरा थांबू या.

साखळीचा ताण डिरेलरला सतत पुढे, चक्रीकडे ओढतो. वरच्या बोल्टाभोवती तो फिरू शकतो, तेव्हा त्याला पुढे जाण्यापासून काहीतरी अडवायला हवं. नुओवो रेकॉर्डमध्ये वरच्या सांध्यात स्प्रिंगच नाही. डिरेलरची जीभ थेट पायरीवर टेकते, आणि तिथेच त्याचा कोन ठरतो. चाक काढताना डिरेलर मागे झुकवता येतो, पुढे मात्र पायरी जाऊ देत नाही. नंतरच्या शिमानोत वरच्या सांध्यात स्प्रिंग आली. तिथे पायरीवर टेकते ती स्प्रिंग धरणारी पत्ती, आणि त्या पत्तीतल्या स्क्रूने कोन थोडा बदलता येतो.

सिम्प्लेक्सने वेगळा विचार केला होता. त्याच्या वरच्या सांध्यातल्या स्प्रिंगला आधार मिळतो तो बोल्टाचाच. बोल्ट हव्या त्या कोनात फिरवायचा, स्प्रिंगला हवा तेवढा ताण द्यायचा आणि नटाने तिथेच पकडायचा. पायरीची गरजच नाही, म्हणून सिम्प्लेक्सच्या हँगरवर ती नसते. आळस किंवा काटकसर नव्हे, तो पूर्ण वेगळा आणि स्वतःपुरता सुसंगत आराखडा आहे.

यातूनच दिसतं की सिम्प्लेक्सच्या छिद्रात नुसते १०×१ चे, म्हणजे १० मिमी व्यास आणि १ मिमी पिचचे, आटे पाडून नुओवो रेकॉर्ड लावला तर काय होईल. बोल्ट उत्तम बसेल. पहिल्या मोठ्या चढाला डिरेलर पुढे फिरेल आणि पुली दातांत जाईल. बोल्ट कितीही आवळला तरी त्याच्या घर्षणावर डिरेलर उभा राहत नाही, कारण त्या बोल्टाला खांदा आहे. खांदा हँगरवर टेकतो आणि सांधा मोकळा राहतो. तो तसाच राहायला हवा.

उलटता येईल ते आधी

माझा क्रम ठरलेला आहे आणि तो मोडायला मी तयार नाही. बोल्ट बदलून जमत असेल तर बोल्ट बदला. नाही जमलं तर मध्ये बुश किंवा पत्ती घाला. तेही नाही, तर डिरेलरमध्ये बदल करा. फ्रेमचा धातू कापायचा तो सगळ्यात शेवटी. डिरेलर दुसरा मिळतो, बोल्ट लेथवर करून मिळतो, पण हँगरचं छिद्र एकदा मोठं केलं की ते लहान होत नाही.

हँगर सुटा, दोन स्क्रूंनी बसणारा असेल तर प्रश्नच मिटला. त्याच आकाराचा दुसरा हँगर आणा आणि काय कापाकापी करायची ती त्याच्यावर करा. मूळचा पिशवीत घालून ठेवा. मात्र असे सुटे हँगर बहुधा ॲल्युमिनियमचे असतात. त्यावर पायरी कानसायची तर ती अर्धा मिलिमीटर जास्त खोल ठेवा, म्हणजे जीभ जास्त जागेवर टेकेल, कारण स्टीलची जीभ मऊ धातूत हळूहळू रुतते आणि डिरेलर पुढे सरकत जातो.

९.५ चं छिद्र, १०×१ चे आटे

सिम्प्लेक्सच्या हँगरवर कॅम्पाग्नोलो किंवा जपानी डिरेलर लावायचा, ही सगळ्यात जास्त वेळा समोर येणारी गरज. १०×१ च्या टॅपसाठी पुस्तकी छिद्र ९ मिमीचं. आपल्याकडे आहे ९.५. म्हणजे आट्यांची उंची पूर्ण उंचीच्या निम्म्याहून थोडी कमी, साधारण ४६ टक्के मिळेल. ऐकायला भीतीदायक वाटतं, पण ७ मिमी जाडीच्या घडीव स्टीलच्या हँगरमध्ये तेवढे आटे डिरेलर धरायला पुरतात. ४ मिमीच्या ठोकून काढलेल्या पत्र्याच्या हँगरमध्ये मात्र फक्त तेवढ्यावर विसंबू नका. तिथे मागून नट हवाच.

उथळ आट्यांची खरी अडचण ताकदीची नाही, टॅप सरळ ठेवण्याची आहे. कोऱ्या ९ मिमी छिद्रात टॅप स्वतःला सावरतो. ९.५ मध्ये तो सैल असतो, जरासा कलला तरी कळत नाही, आणि तिरपे आटे म्हणजे तिरपा डिरेलर. यावर चांगला उपाय मागच्या एक्सलच्या लॉकनटाचा. मागचा एक्सल बहुधा १०×१ चाच असतो, आणि त्याच्या लॉकनटाची एक बाजू सपाट असते. ती सपाट बाजू हँगरच्या बाहेरच्या अंगाला लावा, छिद्राशी मध्य जुळवा आणि छोट्या शिकंजाने घट्ट दाबून धरा. आता टॅप आधी नटातून जाईल आणि नट त्याला सरळ धरून ठेवेल. हँगरवरचा रंग त्या जागी आधी खरवडायला विसरू नका, नाहीतर नटच तिरपा बसेल.

ड्रॉपआउटला, म्हणजे फ्रेमच्या एक्सल बसणाऱ्या टोकाला, क्रोम असेल तर छिद्राच्या कडेचं क्रोम आधी कोनाकृती दगडाने किंवा बारीक कानशीने काढा. क्रोम टॅपची धार तोडतं, आणि छिद्रात तुटलेला टॅप काढणं हे सबंध कामापेक्षा मोठं काम आहे. निमुळत्या तोंडाचा टॅप घ्या, कापायचं तेल भरपूर, अर्धी फेरी पुढे आणि पाव फेरी मागे. भुगा साफ करत चला. बाहेरून आत जा, म्हणजे ज्या बाजूने बोल्ट शिरतो तिथले आटे स्वच्छ राहतात.

बसवताना डिरेलरच्या बोल्टाला नेहमी ८ ते १० न्यूटन-मीटरचा ताण देतात. या उथळ आट्यांवर त्याच्या खालीच थांबा, आट्यांना मध्यम ताकदीचा आटेबंद गोंद लावा, आणि बोल्टाचं टोक मागून बाहेर येत असेल तर त्यावर तोच पातळ लॉकनट चढवा. सगळ्यात छोट्या चक्रीवर साखळी ठेवून चाक फिरवून बघा. नट आणि साखळी यांच्यात निदान २ मिमी मोकळी जागा हवी. कमी पडली तर नट कानसून पातळ करता येतो. चाकाच्या उजव्या बाजूला १ मिमीचं वॉशर वाढवलं तरी चालतं, पण मग रिम अर्धा मिलिमीटर डावीकडे सरकतं आणि तारा तेवढ्या ओढून ते मध्यावर आणावं लागतं.

११ मिमीचं छिद्र

ह्युरेटच्या छिद्रात १०×१ चे आटे पडूच शकत नाहीत, धातूच नाही. तारेची गुंडाळी घालून आटे दुरुस्त करायची पद्धत, म्हणजे हेलिकॉइल, इथे सुचवली जाते. ती इथे चालत नाही. १०×१ च्या हेलिकॉइलचा टॅप ११.३ मिमीच्या आसपास बाहेरचा व्यास कापतो. त्याला सुरुवातीला साडेदहाच्या आतलं छिद्र लागतं. ११ मध्ये तो नुसता खरवडेल. मेलेल्या १०×१ आट्यांसाठी मात्र हेलिकॉइल उत्तम.

११ साठी दोन चांगले मार्ग आहेत. पहिला म्हणजे लेथवर टोपीच्या आकाराचा नट करून घेणे. आत १०×१ चे आटे, बाहेर ११ मिमीला घट्ट सरकणारी मान, आणि हँगरच्या आतल्या अंगाला टेकणारी २ मिमी जाडीची झालर. मान हँगरच्या जाडीपेक्षा पाव ते अर्धा मिलिमीटर आखूड ठेवा. ती लांब झाली तर डिरेलरचा खांदा हँगरवर न टेकता मानेवर टेकेल आणि हँगर आवळलाच जाणार नाही. हे नट आतून घालायचं, बाहेरून बोल्ट. बोल्ट आवळला की झालर हँगरला दाबून धरते, आट्यांचा सगळा ताण नटावर जातो, फ्रेमचा एक कणही कापावा लागत नाही. मानेची भिंत इथे फक्त अर्धा मिलिमीटर उरते, त्यामुळे खरी ताकद झालरीच्या भागातल्या आट्यांची. म्हणून बोल्ट झालरीपर्यंत पोचायलाच हवा. हँगर ७ मिमीचा असेल तर आट्यांची लांबी एकूण ९ मिमी लागेल. बोल्ट आखूड असेल तर हा मार्ग सोडा.

दुसरा मार्ग तयार मिळणाऱ्या दुरुस्तीच्या बुशचा. हे मेलेल्या आट्यांच्या हँगरसाठीच बनवलेले असतात आणि साधारण १२ मिमीचं छिद्र मागतात. ११ चं १२ करायचं तर ड्रिलपेक्षा रीमर, म्हणजे असलेलं छिद्र नेमकं मोठं करणारं हत्यार, बरा. ड्रिल आधीच्या छिद्रात खेचला जातो आणि तीन कोनांचं छिद्र पाडतो. १२ केल्यावर भोवतालचा धातू मोजा. कडेपर्यंत सगळीकडे निदान ४ मिमी उरत नसेल तर हात आवरा. पितळ ओतून बुश जोडून घेणं हा तिसरा आणि सगळ्यात टिकाऊ मार्ग, पण तो रंग नव्याने द्यायचाच असलेल्या फ्रेमसाठी.

पायरी पाडणे

छिद्राचं काम झालं, आता खरी कसोटी. कोन अंदाजाने कानसू नका. डिरेलरलाच विचारा.

डिरेलर बोल्टावर हलका बसवा. चाक, साखळी लावा. साखळी सगळ्यात मोठ्या चक्रीवर न्या. पुढे फिरण्याला अडवायला डिरेलर हव्या त्या कोनात मागे ओढून धरा. वरच्या पुलीचे दात आणि चक्रीचे दात यांच्यात ६ मिमी अंतर येईल असं करा. ६ मिमीची ॲलन की मध्ये सरकवली की मापाचं काम होतं. आता डिरेलरची जीभ हँगरवर जिथे येते तिथे अणकुचीदार सुईने रेघ ओढा. हीच पायरीची जागा. ती बरोबर सात वाजता येईलच असं नाही. हँगर आखूड असेल तर ती आठकडे सरकलेली दिसेल, कारण डिरेलरला जास्त मागे झुकवावं लागतं.

मग डिरेलर काढा आणि रेघेच्या अलीकडे, म्हणजे थोडा धातू राखून, कानसायला लागा. इथे किती सांभाळायचं त्याचा हिशेब करून बघण्यासारखा आहे. जीभ छिद्राच्या मध्यापासून ११ मिमीवर टेकते असं धरा, आणि बोल्टापासून वरची पुली ५० मिमीवर. पायरी १ मिमीने चुकली की डिरेलर सुमारे ५ अंशांनी फिरतो आणि पुली साडेचार मिलिमीटर सरकते. म्हणजे कानशीचा ०.२ मिमीचा ओरखडा पुलीवर जवळजवळ १ मिमी होऊन येतो. बारीक कानस घ्या, चार घास मारा, बसवून बघा, पुन्हा चार.

पायरीचा माथा जिभेच्या पूर्ण रुंदीला सपाट टेकला पाहिजे आणि हँगरच्या अंगाशी काटकोनात हवा. उतरता झाला तर जीभ त्यावरून घसरून बाहेरच्या बाजूला चढते आणि बोल्ट वाकवायला लागते. खोली २ ते ३ मिमी पुरे. कोपरा धारदार सोडू नका, गोल कानशीने किंचित वळण द्या, कारण स्टीलला तडा जातो तो धारदार कोपऱ्यातूनच.

कानसायचंच नसेल तर पत्ती करा. २ मिमी जाडीची स्टीलची पट्टी, तिला १०.२ मिमीचं छिद्र, एक टोक काटकोनात वाकवून हँगरच्या कडेला अडकणारं, आणि दुसऱ्या टोकाला आपली पायरी. ती डिरेलर आणि हँगर यांच्यामध्ये बसते. फ्रेम जशीच्या तशी राहते. पण डिरेलर २ मिमी बाहेर जातो, तेवढे आटेही कमी मिळतात आणि उथळ ४६ टक्क्यांच्या आट्यांवर हे परवडत नाही. चांगले पूर्ण आटे आणि चुकीच्या जागची पायरी, अशा हँगरसाठी ही पत्ती मला सगळ्यात आवडते.

पायरी आधीच चुकीच्या कोनात असेल तर लक्षणांवरून ओळखता येतं. ती नऊकडे जास्त सरकलेली असेल तर डिरेलर मागे पडतो, पुली चक्रीपासून लांब राहते आणि साखळी उशिरा चढते. सहाकडे सरकलेली असेल तर पुली मोठ्या चक्रीला घासते. पहिल्या बाबतीत कानसून सुधारता येतं. दुसऱ्यात धातू भरावा लागतो, किंवा जिभेवर पितळेचा लहान तुकडा जोडून तिची जाडी वाढवावी लागते. जीभ बदलणं म्हणजे डिरेलर बदलणं, फ्रेम नव्हे, म्हणून तेच आधी.

उलटी बाजू: फ्रेंच डिरेलर, १०×१ चा हँगर

सिम्प्लेक्सचा मूळ बोल्ट आट्यांच्या छिद्रातून जात नाही, आत जेमतेम ९ मिमीची वाट असते. इथे हँगर ९.५ ला रीम करायचा मोह होतो. करू नका. चांगल्या हँगरचे आटे मारून एका डिरेलरची सोय करणं हा उलटा व्यवहार आहे.

मूळ बोल्टाची नक्कल लेथवर करून घ्या. सांध्यातला भाग मूळ मापाचा, हँगरमधला भाग १०×१ च्या आट्यांचा, आणि मागे पातळ लॉकनटापुरते जास्तीचे आटे. एकच गोष्ट सांभाळा: हँगरवर घट्ट टेकणारा खांदा ठेवू नका. बोल्टाचा कोनच स्प्रिंगचा ताण ठरवतो, तेव्हा तो हव्या त्या कोनात थांबवून मागच्या नटाने पकडता आला पाहिजे. खांदा असला तर बोल्ट स्वतःच्या मर्जीने जिथे आवळेल तिथेच थांबेल.

आणि १९६० च्या दशकातल्या डेल्रिन प्लॅस्टिकच्या सिम्प्लेक्सना हात लावण्याआधी वरच्या सांध्याभोवती भिंग धरून बघा. केसाएवढी रेघ दिसली तर तो डिरेलर काचेच्या कपाटासाठी आहे, रस्त्यासाठी नाही. तो तुटतो तेव्हा मागच्या चाकाच्या तारांत जातो.

हँगरच नसलेल्या फ्रेमसाठी एक्सलला बसणारा वाघनखीसारखा सुटा हँगर, म्हणजे क्लॉ, असतो आणि तो अगदी प्रामाणिक उपाय आहे. सिम्प्लेक्स, ह्युरेट यांनी आपापले क्लॉ बनवले होते, त्यामुळे डिरेलर त्याच घराण्याच्या क्लॉसकट मिळाला तर छिद्र आणि पायरी दोन्ही प्रश्न सुटतात. फक्त ज्या फ्रेमला स्वतःचा हँगर आहे तिथे क्लॉ लावायला जाऊ नका. दोघं एकाच जागेसाठी भांडतात. नटवाल्या एक्सलवर क्लॉची जाडी धरूनही नटात पूर्ण आटे बसताहेत ना, तेवढं बघा.

सरळ आहे का ते बघणे

हे खरं तर पायरीच्या आधी करायचं काम. वाकलेल्या हँगरवर आखलेली रेघ वाकडीच येणार. हँगर सरळ करायचं खास हत्यार नसेल तर मागचंच दुसरं एक चाक वापरा, नटवाल्या एक्सलचं. त्याचा एक्सल १०×१ चा असतो, म्हणजे तो थेट हँगरच्या आट्यांत फिरवून बसतो. सायकलचं मागचं चाक जागेवर घट्ट, आणि हे दुसरं चाक हँगरला लटकलेलं. आता दोन्ही रिममधलं अंतर पुढे, मागे, वर आणि खाली मोजा. चारही जागी फरक २ ते ३ मिमीच्या आत असेल तर घर्षणाच्या लिव्हरला पुरेसं आहे. जास्त असेल तर लटकलेलं रिमच हाताने हळू दाबून हँगर सरळ करता येतो. हे फक्त स्टीलसाठी. ॲल्युमिनियमचा हँगर थंड वाकवला तर तो तुटण्याचा धोका असतो. स्वस्त जुन्या चाकांचा एक्सल ९.५ मिमीचाही असतो. तो आट्यांत खडखडतो, त्याने काही वाकवू नका. आणि उथळ ४६ टक्के आटे पाडलेल्या हँगरवर ही ओढाताण नको. तिथे आटे पाडण्याआधी, जुन्या छिद्रात मावेल असा आट्यांचा दांडा दोन नटांनी आवळून त्यावर चाक चढवा.

शेवटी मर्यादांचे दोन्ही स्क्रू, म्हणजे डिरेलरला टोकाच्या चक्र्यांपलीकडे जाऊ न देणारे, नव्याने लावा. बुश, पत्ती किंवा क्लॉ यांनी डिरेलर १ ते ३ मिमी बाहेर गेलेला असतो, तेव्हा आधीच्या फ्रेमवरचे स्क्रू इथे बरोबर नसणार. छोट्या चक्रीचा स्क्रू पूर्ण आत घालूनही पुली चक्रीच्या बाहेर राहत असेल तर जुळणीची बेरीज जास्त झाली आहे, पत्ती पातळ करा.

शंभरेक किलोमीटर चालवल्यावर डिरेलर काढून पायरीकडे बघा. जीभ टेकते तिथे चकचकीत खूण पडलेली असते. ती पूर्ण रुंदीभर असेल तर बोल्ट पुन्हा आवळा आणि चालवा. एकाच कोपऱ्यात असेल तर माथा तिरपा आहे, बारीक कानशीने तो उरलेला भाग चमकेपर्यंत खाली आणा आणि पुलीचं ६ मिमी अंतर पुन्हा मोजा.